काल जिंकलो आहोत

माझी भाची शाळेच्या हॉकी संघात खेळते. आंतरशालेय सामना जिंकल्यावर शाळेच्या भित्तिपत्रकासाठी इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम तिच्याकडे आलं. पहिलंच वाक्य तिनं लिहिलं होतं, 'वी हॅव वॉन द मॅच येस्टर्डे बाय ३-१.' तपासून परत आलेल्या कागदावर 'हॅव' आणि 'बाय' या दोन शब्दांवर लाल रेघ मारलेली होती. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं अजून ओलं होतं, आवाज ओरडून ओरडून बसला होता. कागद माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "आत्या, 'बाय'चं जाऊ दे. पण आम्ही जिंकलोय ना? मग 'हॅव' का काढायचं?"

नियम मला माहीत होता. 'येस्टर्डे'सारखी ठरावीक वेळ वाक्यात आली की 'हॅव' चालत नाही, मग साधा भूतकाळच हवा. तेवढं मी सांगितलं. तिनं मान हलवली, वाक्य दुरुस्त केलं आणि ती खेळायला निघून गेली. मला मात्र तिचा प्रश्न सोडेना. तिनं नियम विचारलाच नव्हता. ती जिंकल्याबद्दल बोलत होती, आणि ते जिंकणं तिच्या अंगात अजून चालू होतं.

मराठीत तिला कुणीच अडवलं नसतं. 'आम्ही काल जिंकलोय', 'मी कालच त्याला सांगितलंय', अशी वाक्यं आपण दिवसभर बोलतो. 'काल' आणि 'आहे' एका वाक्यात सुखानं नांदतात. घटना कधीही घडलेली असो, तिचा परिणाम आज माझ्यापाशी आहे ना, मग 'आहे' म्हणायला मराठीची हरकत नसते. इंग्रजीची असते. तिथे 'हॅव वॉन' म्हणजे बोलणारा अजून आजच्या काळात उभा आहे आणि तिथून मागे बघतोय. 'येस्टर्डे' म्हटलं की त्याला कालच्या दिवसात जाऊन उभं राहावं लागतं. एकाच वाक्यात दोन्हीकडे उभं राहता येत नाही. म्हणून सामना संपल्या संपल्या ओरडायचं ते 'वी हॅव वॉन!' आणि दुसऱ्या दिवशी लिहायचं ते 'वी वॉन येस्टर्डे'. अमेरिकेत पहिल्या ठिकाणीही 'वी जस्ट वॉन' सर्रास चालतं, पण 'हॅव' आणि 'येस्टर्डे' यांची गाठ तिथेही कुणी घालत नाही.

आपल्या भूतकाळाची तर आणखी एक गंमत आहे. 'आलोच' म्हणणारा माणूस अजून घरातून निघालेलाही नसतो. शेवटच्या षटकात दोन धावा हव्या असतात, चेंडू पडायचा असतो, आणि कुणीतरी उठून उभा राहतो, "जिंकलो!" एखादी गोष्ट इतकी पक्की वाटते की तिला आपण घडण्याआधीच घडलेली करून टाकतो. ज्या भाषेत खात्रीसाठी भूतकाळ वापरता येतो, त्या भाषेत वाढलेल्या मुलीला 'घड्याळ बघ आणि मग क्रियापद निवड' हे रुचायला वेळ लागणारच.

मी स्वतः इंग्रजी शिकले ती वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर. बाबा अग्रलेख वाचायचे तेव्हा ते पान माझ्याकडे असायचं. त्यातलं सगळ्यात आधी कळलं ते धावफलक, कारण त्यात व्याकरण जवळजवळ नसतंच. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा धावफलक मी पुढे कितीदा वाचला असेन. रिचर्ड्स, कॉट कपिल देव, बोल्ड मदनलाल, ३३. मागे धावत जाऊन घेतलेला तो अख्खा झेल एवढ्यात मावतो. कुणाकडून, कशामुळे, कधी, काही नाही. नुसती नावं, दोन क्रिया आणि एक आकडा. खरी परीक्षा सुरू होते ती हे धावफलक वाक्यात उतरवताना.

आणि त्याच्याही आधी, मथळ्यात.

इंग्रजी मथळा कालची गोष्ट वर्तमानकाळात सांगतो, हे शेवटचं पान वाचणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'इंडिया विन वर्ल्ड कप.' खाली बातमीत शिरलं की तेच 'विन' 'वॉन' होतं, सोबत वार येतो, मैदान येतं. मथळा म्हणतो हे आत्ता ऐका, बातमी म्हणते हे शनिवारी लॉर्ड्सवर घडलं. ब्रिटिश वळणाच्या क्रीडापानांवर संघ म्हणजे अनेक माणसं, म्हणून 'इंडिया विन'. अमेरिकी वळणात संघ म्हणजे एक वस्तू, म्हणून 'इंडिया विन्स'. मला पहिलं जास्त आवडतं, त्यात अकरा जण दिसतात. पण कुठलंही घ्या, ते शेवटपर्यंत तसंच ठेवा. पहिल्या ओळीत 'इंडिया हॅव' आणि चौथ्या ओळीत 'इंडिया हॅज' असेल, तर लिहिणाऱ्याचं लक्ष सामन्यावर होतं की नाही अशी मला शंका येते. आणि 'बीट' हे क्रियापद तर फारच जपून हाताळायचं. त्याचा वर्तमानकाळ 'बीट', भूतकाळही 'बीट'. 'इंडिया बीट' म्हणजे भारत जिंकला. 'इंडिया बीटन' म्हणजे हरला. शेवटच्या एका 'न'वर सगळा निकाल उलटतो. घाईत वाचणाऱ्या माणसाची सकाळ त्या 'न'वर अवलंबून असते.

थेट समालोचनाचा काळ आणखी वेगळा. चेंडू टाकला, मारला, अडवला, या क्षणात संपणाऱ्या गोष्टी, त्या इंग्रजी समालोचक साध्या वर्तमानकाळात सांगतो. गोलंदाजाचं धावत येणं लांबतं, तिथे तो 'इज रनिंग इन' म्हणतो. म्हणजे क्रिया किती वेळ चालते त्यावर रूप ठरतं, आणि हे तो विचार न करता करतो. सामन्यानंतर ब्रिटिश फुटबॉलपटूंना बोलताना ऐकलं तर तिसरीच तऱ्हा. 'ही'ज क्रॉस्ड इट, ही'ज हेडेड इट अँड इट्स गॉन इन.' शाळेच्या नियमानं इथे साधा भूतकाळ हवा, घटना तर तासाभरापूर्वीची आहे. पण डोळ्यांपुढे ती चालू आहे, पडद्यावर पुन्हा दाखवलीही जात असते. माझ्या भाचीचं 'हॅव' याच जातीचं होतं. लिहिताना ते चुकतं, बोलताना मात्र इंग्रजी खेळाडूंच्या तोंडीसुद्धा ते असतं, हे समजल्यावर मला फार बरं वाटलं.

आता 'बाय'. तिनं ते सोडून द्यायला सांगितलं होतं, पण मला वाटतं खरी मेख तिथेच आहे. आपण '३-१ ने जिंकलो' म्हणतो आणि '४३ धावांनी जिंकलो' असंही म्हणतो. दोन्हीकडे तृतीयाच. त्यामुळे मराठीतून येणाऱ्या माणसाला '४३ धावांनी'चं 'बाय ४३ रन्स' बरोबर ठरलेलं दिसलं की '३-१ ने'चं 'बाय ३-१' आपोआप सुचतं. एक बरोबर आणि एक चूक का, हे त्याला कुणी सांगत नाही. 'बाय' फरक मोजतं. १९८३ च्या त्या सामन्यात भारताच्या १८३ वजा वेस्ट इंडीजच्या १४० म्हणजे ४३, तो फरक. ३-१ हा फरक नाही, तो पूर्ण गुणफलक आहे, त्यात दोन्ही संघ आहेत. त्याला कुठल्याही शब्दाचा आधार लागत नाही, 'वी वॉन ३-१' एवढं पुरतं. 'बाय' हवंच असेल तर फरक काढावा लागेल, 'बाय टू गोल्स'. हे एकदा कळलं की मालिकेचंही सुटतं. 'वॉन द सीरीज २-१', मध्ये काही नाही.

गडी राखून जिंकण्यात तर मराठी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे, असं माझं ठाम मत आहे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना भारत जिंकला तो 'बाय सिक्स विकेट्स', आणि मराठीत '६ गडी राखून'. हा फरक वजाबाकीतून आलेला नाही, जिंकणाऱ्याकडे शिल्लक काय राहिलं ते तो सांगतो. 'राखून'मध्ये ते दिसतं, 'बाय'मध्ये लपतं. पण या नेमकेपणामुळे एक अडचणही येते. राखणारा जिंकणाराच असतो. म्हणून 'भारत ६ गडी राखून हरला' असं मराठीत म्हणता येत नाही, ऐकतानाच खटकतं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा निकाल आपल्याला 'ऑस्ट्रेलियानं भारताला ६ गडी राखून हरवलं' असा जिंकणाऱ्याच्या बाजूनंच सांगावा लागतो. इंग्रजीत हरणाऱ्याच्या बाजूनंही सांगता येतो, 'इंडिया लॉस्ट टू ऑस्ट्रेलिया बाय सिक्स विकेट्स'. इथलं 'टू' मुलांना अवघड जातं, कारण आपण 'ऑस्ट्रेलियाकडून हरलो' म्हणतो आणि 'कडून' म्हटलं की 'फ्रॉम' सुचतं. उलट 'ऑस्ट्रेलियाला हरवलं'मधल्या 'ला'मुळे 'बीट टू ऑस्ट्रेलिया' लिहिलं जातं, जिथे काहीच नको असतं. आणि 'त्यांना जिंकलं'वरून 'वी वॉन देम'. सामना जिंकतात, चषक जिंकतात, प्रतिस्पर्ध्याला 'बीट' करतात. 'इंडिया वेअर बीटन बाय सिक्स विकेट्स बाय ऑस्ट्रेलिया' हे व्याकरणात बसतं, पण एका 'बाय'मध्ये फरक आणि दुसऱ्यात माणसं, असं वाक्य वाचताना धाप लागते. सरावलेला वार्ताहर तिथे 'लॉस्ट टू' घेतो.

एका सामन्याला मात्र 'बाय' लावताच येत नाही. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. न्यूझीलंड २४१, इंग्लंड २४१. सुपर ओव्हर, म्हणजे निकालासाठी दोघांना एकेक जादा षटक, तीही झाली, दोघांच्या १५. मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, आणि चषक इंग्लंडला गेला. इंग्रजीत तो निकाल लिहितात 'वॉन ऑन बाउंडरी काउंट'. 'ऑन' म्हणजे निकष. तराजूची दोन्ही पारडी बरोबरीत राहिल्यावर कशाच्या जोरावर एकाला पुढे काढलं, ते हा शब्द सांगतो. मराठीतला 'जोरावर', 'निकषावर'मधला 'वर' त्याच्या अगदी जवळचा. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनानं फ्रान्सला हरवलं ते ३-३ नंतर ४-२ 'ऑन पेनल्टीज'. मँचेस्टर सिटीनं २०१२ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल स्पर्धा, घेतली ती 'ऑन गोल डिफरन्स'. मुष्टियुद्धात गुणांवर जिंकला तर 'ऑन पॉइंट्स', आणि समोरच्याला आडवा केला तर पुन्हा 'बाय नॉकआउट'. न्यूझीलंडच्या त्या हरण्याकडे पाहिलं की मला या 'ऑन'बद्दल आदर वाटतो. ते एका धावेनंही हरले नव्हते, एका गड्यानंही नाही. 'बाय' लिहायला बसलं तर पुढे लिहिण्यासारखा आकडाच नाही. तिथे कुणी 'बाय' वापरलं तर ते व्याकरणात चुकेलच, पण त्या अकरा जणांवर अन्यायही होईल. चौकार मोजायचा तो नियम आयसीसीनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढून टाकला.

उलट 'बाय' जिथे पूर्ण क्रौर्यानं बसतं असं ठिकाण म्हणजे १९८४ चं लॉस एंजेलिस. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, पी. टी. उषा ५५.४२ सेकंद, तिसरी आलेली रुमानियाची धावपटू ५५.४१. 'मिस्ड द ब्राँझ बाय वन हंड्रेड्थ ऑफ अ सेकंद.' हे वाक्य मी कधीही वाचलं तरी 'बाय'शी थांबते. पुढे काय येणार ते ठाऊक असतं तरी.

बाकीचे शब्द मी भाचीला नियमानं न सांगता उदाहरणांनीच सांगते. उसेन बोल्ट बर्लिनमध्ये २००९ साली १०० मीटर धावला 'इन ९.५८', कारण वेळेच्या आत. नीरज चोप्रानं टोकियोत सुवर्ण जिंकलं 'विथ अ थ्रो ऑफ ८७.५८ मीटर्स'. २०११ च्या त्या अंतिम सामन्यात धोनीचे ९१ आले 'ऑफ ७९ बॉल्स', त्याच सामन्यात गंभीर बाद झाला 'फॉर ९७'. हे 'फॉर' मात्र हरहुन्नरी आहे. '१४० फॉर ६' म्हणजे सहा गडी गमावून १४०. कुंबळेचे दिल्लीतले '१० फॉर ७४' म्हणजे ७४ धावा देऊन दहा गडी. फलंदाजीत धावा आधी, गोलंदाजीत गडी आधी, आणि मधला शब्द तोच. प्रत्येक वेळी काहीतरी देऊन काहीतरी घेतलेलं आहे, एवढं धरून ठेवलं की गोंधळ होत नाही. ऑस्ट्रेलियात तर संघाची धावसंख्याही गडी आधी घालून सांगतात, 'सिक्स फॉर १४०'. तिथलं समालोचन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला क्षणभर कळतच नाही की कोण संकटात आहे.

आणखी एक, अनिर्णित आणि बरोबरी. आपल्याकडे हे दोन शब्द पक्के वेगळे आहेत, तसे इंग्रजीत 'ड्रॉ' आणि 'टाय'. कसोटी पाच दिवसांत निकालाविना संपली तर 'ड्रॉन', शेवटचा गडी पडला तेव्हा धावा समसमान असतील तर 'टाइड'. टाय झालेल्या कसोट्या दोनच, ब्रिस्बेन १९६० आणि मद्रास १९८६. फुटबॉलमध्ये मात्र ब्रिटिश इंग्रजी १-१ लाही 'ड्रॉ'च म्हणते, आणि तिथे 'ड्रू विथ' येतं, 'ड्रू १-१ विथ'. भारत-ऑस्ट्रेलिया मद्रास कसोटीला कुणी 'ड्रॉ' म्हटलं तर मी तिथल्या तिथे दुरुस्त करते, समोर कोण आहे ते न बघता.

पण इतकं सगळं झाल्यावरही मला पुन्हा 'हॅव'कडेच यावंसं वाटतं. कारण त्या एका शब्दात कारकिर्दी राहतात. खेळाडू खेळत असतो तोवर 'ही हॅज स्कोअर्ड'. उद्या आणखी एखादं शतक येऊ शकतं, हिशेब उघडा आहे. तो निवृत्त झाला की 'ही स्कोअर्ड'. ब्रॅडमनबद्दल आज लिहायचं तर '२९ कसोटी शतकं' साध्या भूतकाळातच जातात. तेंडुलकरच्या शंभर आंतरराष्ट्रीय शतकांचा 'हॅज' १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर संपला. आकडा तोच राहिला, त्याच्या आधीचा शब्द गळाला. पुढच्या आठवड्यात एका इंग्रजी लेखात 'तेंडुलकर स्कोअर्ड' वाचताना मला जे वाटलं ते निरोपाचं भाषण ऐकतानाही वाटलं नव्हतं. लिहिणाऱ्यानं काही दुःख व्यक्त केलं नव्हतं, त्यानं फक्त काळ बरोबर लावला होता.

एका मैदानाचा 'हॅव' बदलतानाही मी पाहिलाय. ब्रिस्बेनच्या गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरलेली नव्हती. जानेवारी २०२१ मध्ये चौथ्या कसोटीला भारताचा जखमांनी अर्धा झालेला संघ तिथे उतरला, तेव्हा प्रत्येक लेखात ते वाक्य होतं, 'ऑस्ट्रेलिया हॅव नॉट लॉस्ट हिअर सिन्स १९८८'. 'सिन्स'ला 'हॅव' लागतं, कारण १९८८ मध्ये सुरू झालेली रेघ आजपर्यंत न तुटता आलेली असते. १९ तारखेला ३२८ चं लक्ष्य होतं. पाचव्या दिवशी पुजारानं अंगावर चेंडू झेलले, गिल ९१ वर बाद झाला, आणि संध्याकाळच्या उन्हात पंतनं चेंडू सरळ सीमेकडे मारला. नाबाद ८९, 'बाय थ्री विकेट्स', मालिका २-१. त्यानंतर लिहिलेल्या सगळ्या बातम्यांत ते वाक्य बदललेलं होतं, 'ऑस्ट्रेलिया हॅड नॉट लॉस्ट देअर सिन्स १९८८'. सकाळपर्यंत खरं असलेलं 'हॅव' संध्याकाळी 'हॅड' झालं. इतका मोठा दिवस इतक्या थोडक्यात नोंदवलेला मी दुसरा पाहिला नाही. १९८८ मध्ये तिथे जिंकून गेलेला संघ होता वेस्ट इंडीजचा, आणि त्याच वेस्ट इंडीजनं जानेवारी २०२४ मध्ये गॅबावर पुन्हा ऑस्ट्रेलियाला हरवलं, ८ धावांनी. गोलंदाज शमार जोसेफ, पायाच्या दुखावलेल्या अंगठ्यानिशी, '७ फॉर ६८'. आता गॅबावरच्या 'सिन्स'पुढे लिहायचं साल झालं २०२४.